कॉन्फरन्स बदलल्यावर कॉलेज फुटबॉलचे संघ कसे तोलावेत : वेळापत्रक आणि ताकद यांचा हिशेब

२०२४ च्या नोव्हेंबरअखेर बिग टेन कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात इंडियाना विद्यापीठाचा संघ ८ विजय व १ पराभव अशा स्थितीत होता, तर ओहायो स्टेट ७ विजय व २ पराभवांसह त्याच्या खाली होता. तक्ता वाचून निष्कर्ष काढणाऱ्याला इंडियाना सरस वाटला असता. मात्र त्याच महिन्यात ओहायो स्टेटच्या घरी, कोलंबसच्या मैदानावर दोघांची गाठ पडली, तेव्हा ओहायो स्टेटने ३८-१५ असा विजय मिळवला, आणि पुढे जानेवारीत नोत्र दामला ३४-२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपदही पटकावले. मग तक्ता खोटा होता का? तसेही नाही. त्याने एका प्रश्नाचे उत्तर दिले होते आणि आपण त्याला दुसराच प्रश्न विचारत होतो. कोणी अधिक कमावले आणि उद्या सामना झाला तर कोण जिंकेल, हे दोन प्रश्न वेगळे कसे करावेत आणि प्रत्येकाचे उत्तर साध्या स्प्रेडशीटवर कसे काढावे, ते या लेखात पायरीपायरीने मांडले आहे.

ज्यांच्या घरातले मूल पर्ड्यूला किंवा ॲरिझोना स्टेटला शिकायला गेले आणि त्यामुळे शनिवारच्या सामन्यांची सवय लागली, अशा वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. सर्वोच्च स्तरावर १३० हून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला साधारणपणे फक्त १२ सामने येतात. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपापसांत बांधलेला गट. आपल्या सदस्यांचे आपसांतले सामने तो स्वतः ठरवतो आणि स्वतःचा विजेताही निवडतो. उरलेले ३ किंवा ४ सामने संघ गटाबाहेर, आपल्या सोयीने ठरवतात.

२०२४ मध्ये या गटांची फेरमांडणी झाली. टेक्सस व ओक्लाहोमा एसईसीमध्ये (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) गेले आणि त्या गटाचे १६ संघ झाले. यूएससी, यूसीएलए, ओरेगॉन व वॉशिंग्टन बिग टेनमध्ये आले आणि नावात दहा असलेल्या गटाची संख्या १८ वर गेली. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, कोलोरॅडो व युटा यांनी बिग ट्वेल्व्ह गाठले, म्हणजे तेथे १६ संघ झाले. स्टॅनफर्ड, कॅल व डॅलसचे एसएमयू यांना अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या एसीसीने घेतले. पॅसिफिक किनारा आणि डॅलस यांचा अटलांटिकशी काय संबंध, हा प्रश्न भूगोलाच्या शिक्षकाने विचारावा. उत्तर दूरचित्रवाणीच्या करारांत आहे. यांतले पश्चिमेकडचे दहा संघ ज्या गटातून बाहेर पडले, त्या पॅक-१२ मध्ये ओरेगॉन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट हे दोनच संघ उरले.

पहिली पायरी : सामन्यांची वही नीट लावा

प्रत्येक सामन्याला एक ओळ द्यावी आणि तारीख, दोन्ही संघ, दोघांचे गुण, मैदान व गट असे रकाने ठेवावेत. मैदानाच्या रकान्यात घरचे, बाहेरचे आणि त्रयस्थ अशा तीन नोंदी लागतात, कारण जॉर्जिया व फ्लोरिडा परंपरेने जॅक्सनव्हिलमध्ये आणि टेक्सस व ओक्लाहोमा डॅलसमध्ये खेळतात, जेथे यजमान असा कोणी नसतो.

गटाच्या रकान्यात फेरमांडणीने एक खोडी करून ठेवली आहे. २०२४ मध्ये बेलर व युटा यांचा सामना झाला, तसाच ॲरिझोना व कॅन्सस स्टेट यांचाही झाला. चारही संघ तेव्हा बिग ट्वेल्व्हचे सदस्य होते. तरीही हे सामने गट बदलण्यापूर्वीच ठरलेले असल्याने गटाच्या तक्त्यात ते धरले गेले नाहीत. म्हणून संघाचा गट पाहून सामन्याचा प्रकार आपोआप भरणारे सूत्र लिहू नये. त्या रकान्यात हो किंवा नाही असे हाताने लिहावे आणि अखेरीस ताळा पाहावा. १६ संघ प्रत्येकी ९ सामने खेळत असतील तर गटाचे सामने बरोबर ७२ भरले पाहिजेत. ७४ भरले, तर हीच चूक झाली असे समजावे.

दुसरी पायरी : कोण कोणाशी खेळलेच नाही, ते मोजा

माझ्या मते सगळ्या हिशेबात सर्वाधिक दुर्लक्षित पायरी हीच आहे. २०११ ते २०२२ या काळात बिग ट्वेल्व्हमध्ये १० संघ होते आणि प्रत्येक जण ९ सामने खेळे. १० संघांच्या जोड्या ४५ होतात आणि सामनेही ४५ होत असत, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ पडे. आयपीएलच्या साखळीतही १० संघ एकमेकांना किमान एकदा भेटतातच, म्हणून तेथील तक्त्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवू शकतो. आता बिग टेनच्या १८ संघांच्या १५३ जोड्या होतात आणि सामने होतात ८१. एसईसीत २०२४ साली १२० जोड्यांपैकी ६४, बिग ट्वेल्व्हमध्ये १२० पैकी ७२, आणि १७ संघांच्या एसीसीत १३६ पैकी ६८ जोड्यांचीच भेट झाली. एसीसीचा तक्ता म्हणजे अर्धा भरलेला तक्ता होता.

याचा परिणाम २०२४ च्या बिग ट्वेल्व्हमध्ये स्पष्ट दिसला. ॲरिझोना स्टेट, आयोवा स्टेट, बीवाययू व कोलोरॅडो हे चारही संघ ७-२ वर थांबले. चार संघांच्या सहा जोड्या होतात. त्यांपैकी नियमित हंगामात फक्त एकीचा सामना झाला होता, ज्यात ॲरिझोना स्टेटने बीवाययूला २८-२३ असे हरवले होते. कोलोरॅडो तर उरलेल्या तिघांपैकी एकाशीही खेळला नव्हता. अशा वेळी परस्परांतील निकालावर बरोबरी सोडवणे शक्य नसते, आणि सामायिक प्रतिस्पर्धी किंवा प्रतिस्पर्ध्यांची एकत्रित टक्केवारी अशा दूरच्या कसोट्यांवर अंतिम सामन्याचे मानकरी ठरतात. म्हणून वहीत संघ उभे व आडवे मांडून एक चौकट करावी, झालेल्या सामन्यांना खूण करावी आणि वरच्या पाच-सहा संघांमधली रिकामी घरे आधी पाहावीत. २०२४ मध्ये एसएमयूने एसीसीत ८ पैकी ८ सामने जिंकले, मात्र क्लेमसन व मायामी यांची घरे त्याच्या ओळीत रिकामी होती.

तिसरी पायरी : प्रतिस्पर्ध्यांची कामगिरी, स्वतःचा सामना वगळून

वेळापत्रकाचा भार मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे विजय-पराभव एकत्र करणे. येथे एक दुरुस्ती अनिवार्य आहे. आपल्या संघाविरुद्धचे निकाल त्यातून काढून टाकावे लागतात, अन्यथा जिंकणारा संघ प्रत्येक विजयाबरोबर आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात एक पराभव टाकतो आणि स्वतःचेच वेळापत्रक हलके करून दाखवतो.

२०२४ च्या एसईसीचे उदाहरण घेऊ. टेक्ससचे आठ प्रतिस्पर्धी होते मिसिसिपी स्टेट, ओक्लाहोमा, जॉर्जिया, व्हँडरबिल्ट, फ्लोरिडा, आर्कान्सॉ, केंटकी आणि टेक्सस ए अँड एम. गटातले त्यांचे विजय अनुक्रमे ०, २, ६, ३, ४, ३, १ व ५, म्हणजे एकूण २४ विजय व ४० पराभव. टेक्सस स्वतः ७-१ होता, म्हणून या बेरजेतून प्रतिस्पर्ध्यांचा १ विजय व ७ पराभव वजा केले की उरतात २३-३३. जॉर्जियाचे प्रतिस्पर्धी होते केंटकी, अलाबामा, ऑबर्न, मिसिसिपी स्टेट, टेक्सस, फ्लोरिडा, ओल मिस व टेनेसी. त्यांची बेरीज ३०-३४, आणि जॉर्जियाचे ६-२ वजा केल्यावर २८-२८. एकाच गटात, एकाच हंगामात, एकाने ४१ टक्क्यांच्या प्रतिस्पर्ध्यांशी सामने खेळून ७ जिंकले आणि दुसऱ्याने ५० टक्क्यांच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळून ६. टेक्ससची गाठ अलाबामा, टेनेसी, ओल मिस, एलएसयू, साउथ कॅरोलायना व मिझूरी यांच्याशी पडलीच नाही. तक्त्यात टेक्सस वर होता आणि जॉर्जियाने त्याला हंगामात दोनदा हरवले, ऑस्टिनमध्ये ३०-१५ आणि गटाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत २२-१९.

आता सुरुवातीचे कोडे सोडवू. याच रीतीने इंडियानाच्या नऊ प्रतिस्पर्ध्यांची कामगिरी २७-४५ येते, तर ओहायो स्टेटच्या नऊ प्रतिस्पर्ध्यांची ४२-३०. एकाच गटातल्या दोन संघांच्या वेळापत्रकात एवढे अंतर दोन विभागांच्या जुन्या रचनेतही पडू शकत असे, पण आता विभागच उरले नाहीत. एसीसीने २०२३ मध्ये आणि एसईसी व बिग टेन यांनी २०२४ मध्ये ते मोडीत काढले. पूर्वी निदान एका विभागातले सगळे जण एकमेकांशी खेळत. आता प्रत्येकाचे ताट वेगळे वाढलेले असते.

चौथी पायरी : सरासरीवर थांबू नका

वरची टक्केवारी ही सरासरी आहे आणि सरासरी काही गोष्टी झाकते. दोन काल्पनिक वेळापत्रके घ्या. पहिल्यात दोन अतिबलाढ्य आणि सात दुबळे संघ आहेत; दुसऱ्यात नऊही संघ मध्यम आहेत. एखाद्या अव्वल संघाची अतिबलाढ्यांविरुद्ध जिंकण्याची शक्यता ५० टक्के, मध्यमांविरुद्ध ८८ टक्के आणि दुबळ्यांविरुद्ध ९८ टक्के धरली, तर पहिल्या वेळापत्रकात त्याला सरासरी १.१४ पराभव पत्करावे लागतील आणि दुसऱ्यात १.०८. म्हणजे दोन्ही जवळपास सारखीच. आता मध्यम संघाच्या जागी बसून पाहा. अतिबलाढ्यांविरुद्ध १५, मध्यमांविरुद्ध ५० आणि दुबळ्यांविरुद्ध ८५ टक्के शक्यता धरली, तर पहिल्या वेळापत्रकात त्याचे ६.२५ विजय अपेक्षित आहेत आणि दुसऱ्यात केवळ ४.५. तेव्हा वेळापत्रक किती कठीण, हा प्रश्न कोणासाठी हे सांगितल्याशिवाय अपुरा राहतो. विजेतेपदाच्या दावेदारांची तुलना करताना वरचे दोन-तीन प्रतिस्पर्धीच निर्णायक ठरतात. सहा विजय मिळवून ‘बोल’ (bowl) म्हणजे हंगामानंतरच्या निमंत्रित सामन्याची पात्रता गाठू पाहणाऱ्या संघांची तुलना करताना मधली फळी पाहावी लागते.

पाचवी पायरी : अपेक्षित विजय काढा

येथे आपण पहिल्या प्रश्नाकडे येतो : कोणी अधिक कमावले? त्यासाठी एक काल्पनिक नमुना संघ धरावा, साधारण पहिल्या पंचविसांत बसेल असा, आणि त्याला प्रत्येकाच्या वेळापत्रकातून चालवून पाहावे. ईएसपीएन या क्रीडावाहिनीसारख्या संस्था हेच काम हजारो आभासी हंगाम खेळवून करतात; आपल्याला तीन थर पुरतात. गटात ७ किंवा अधिक विजय मिळवणारा संघ पहिल्या थरात, ४ ते ६ विजयांचा दुसऱ्या थरात आणि ३ किंवा कमी विजयांचा तिसऱ्या थरात. नमुना संघाची या थरांविरुद्ध जिंकण्याची शक्यता मी अनुक्रमे ४५, ७० व ९० टक्के धरतो. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, वाचकाने आपले धरावेत. मात्र एकदा धरल्यावर, निकाल आवडला नाही म्हणून बदलू नयेत.

इंडियानाच्या वाट्याला पहिल्या थरातला एक, दुसऱ्यातले दोन आणि तिसऱ्यातले सहा संघ आले. ०.४५ अधिक १.४० अधिक ५.४० म्हणजे ७.२५ अपेक्षित विजय. ओहायो स्टेटच्या वाट्याला पहिल्या थरातले ओरेगॉन, पेन स्टेट व स्वतः इंडियाना, दुसऱ्यातले आयोवा व मिशिगन, आणि तिसऱ्यातले चार. १.३५ अधिक १.४० अधिक ३.६० म्हणजे ६.३५. प्रत्यक्षात इंडियानाने ८ जिंकले, म्हणजे अपेक्षेपेक्षा ०.७५ अधिक, ओहायो स्टेटने ७ जिंकले, म्हणजे ०.६५ अधिक. घरच्या मैदानाला ५ टक्के वाढवून आणि बाहेरच्याला ५ टक्के कमी करून पाहिले, तर अपेक्षित विजय ७.३० व ६.४५ होतात आणि चित्र फारसे हलत नाही.

हा निकाल मला स्वतःला अनपेक्षित होता. हलक्या वेळापत्रकातले ८-१ आणि जड वेळापत्रकातले ७-२ यांची किंमत जवळपास एकच निघाली. त्या हिवाळ्यात इंडियानाला राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये घेतल्याबद्दल पुष्कळ ओरड झाली, पण कमाईच्या मापाने पाहता ती निराधार होती, मग पहिल्याच फेरीत नोत्र दामकडून २७-१७ अशी हार झाली असली तरीही. तेव्हा प्लेऑफमध्ये गटविजेत्यांपैकी क्रमवारीत वरचे पाच आणि त्याशिवाय सात संघ येत, आणि ही निवड १३ सदस्यांची समिती करत असे. २०२५ च्या हंगामापूर्वी समितीनेही बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांना अधिक वजन देण्याचा आणि संघाने आपल्या वेळापत्रकात काय कमावले हे मोजणारा स्वतंत्र निकष वापरण्याचा निर्णय जाहीर केला.

सहावी पायरी : गुणफरकातून ताकद काढा

दुसरा प्रश्न : उद्या सामना झाला तर कोण जिंकेल? त्यासाठी हार-जीत पुरेशी नाही, कारण निकालांची साखळी लावत गेले की ती स्वतःलाच येऊन चावते. २०२४ मध्ये जॉर्जियाने केंटकीला १३-१२ असे हरवले, केंटकीने गटातला आपला एकमेव विजय ओल मिसविरुद्ध २०-१७ असा मिळवला आणि ओल मिसने जॉर्जियाला २८-१० असे नमवले. या तिघांत थोर कोण, हे अशा साखळीतून कधीच ठरणार नाही.

गुणफरक अधिक माहिती देतो, पण कच्चा वापरला तर फसवतो. बिग टेनच्या नऊ सामन्यांत इंडियानाचा एकूण गुणफरक अधिक २०८ होता, म्हणजे सामन्याला २३.१, ओहायो स्टेटचा अधिक १५८, म्हणजे १७.६. या २०८ मध्ये पर्ड्यूविरुद्धचे ६६-० आणि नेब्रास्काविरुद्धचे ५६-७ असे दोन सामने एकट्याने ११५ ची भर घालतात. सामना हातात आल्यावर राखीव खेळाडू मैदानात येतात, तेव्हा पन्नासावा गुण विसाव्याइतके काही सांगत नाही. म्हणून प्रत्येक सामन्याचा फरक कमाल २४ धरावा. तसे केल्यावर इंडियानाची बेरीज १२३ होते, सरासरी १३.७, ओहायो स्टेटची १२६, सरासरी १४.०. आता १४.० हे ४२-३० कामगिरीच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे आहेत आणि १३.७ हे २७-४५ च्या, हे लक्षात घेतले की ओहायो स्टेट स्पष्टपणे पुढे जातो, आणि कोलंबसच्या निकालाचे आश्चर्य उरत नाही.

पुढे जायचे असेल, तर प्रत्येक संघाचा मर्यादित सरासरी गुणफरक हे त्याचे पहिले मानांक समजावे, त्यात त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या मानांकांची सरासरी मिळवावी आणि पुढच्या प्रत्येक फेरीत त्याच मूळ गुणफरकात प्रतिस्पर्ध्यांच्या नव्या मानांकांची सरासरी मिळवावी. पाच-सात फेऱ्यांनंतर आकडे फारसे हलेनासे होतात. घरच्या मैदानाचे दोन ते तीन गुण आधी वजा करून घ्यावेत.

सातवी पायरी : गटांची तुलना करताना हात आखडता ठेवा

एसईसी भारी की बिग टेन, हा वाद गटातल्या सामन्यांवरून सुटू शकत नाही, आणि याचे कारण अंकगणिती आहे. २०२४ मध्ये एसईसीतले ६४ सामने झाले, म्हणजे ६४ विजय आणि ६४ पराभव. गट कितीही बलाढ्य असो वा दुबळा, बेरीज हीच येणार. मधले सहा संघ ५-३ वर अडकले, म्हणून गट खोल आहे असे म्हणावे, की वरचा थर पातळ आहे असे म्हणावे? दोन्ही वाक्ये त्याच आकड्यांवर उभी राहतात. फरक दाखवू शकतात ते केवळ गटाबाहेरचे सामने, आणि त्यांतलेही समतुल्य प्रतिस्पर्ध्यांशी झालेले. टेक्ससचा मिशिगनवर ३१-१२ आणि जॉर्जियाचा क्लेमसनवर ३४-३ असे निकाल म्हणूनच मौल्यवान ठरतात. फेरमांडणीने असे काही नवे दुवेही निर्माण केले : वॉशिंग्टन व वॉशिंग्टन स्टेट यांची शेजाऱ्यांची लढत आता गटाबाहेरची झाली आहे आणि २०२४ मध्ये ती मागे राहिलेल्या वॉशिंग्टन स्टेटने २४-१९ अशी जिंकली. मात्र असे दुवे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, म्हणून गटाच्या ताकदीचा आकडा नेहमी पैस ठेवून सांगावा. खालच्या स्तरावरच्या संघांविरुद्धचे विजय या मोजणीत धरूच नयेत.

प्रवासाचा परिणाम वेगळा नोंदवावा, पण त्याला फार वजन देऊ नये. सिअॅटल ते न्यू जर्सी हे अंतर चार हजार किलोमीटरच्या आसपास असून घड्याळ तीन तास पुढे जाते. वॉशिंग्टन तेथे शुक्रवारी रात्री रटगर्सकडून २१-१८ असा हरला, हे खरे. पण तीन गुणांच्या एका पराभवावर सिद्धांत उभारणे घाईचे होईल. संघाला आधीच्या सामन्यानंतर किती दिवस मिळाले, हा रकाना ठेवल्यास चार-पाच हंगामांनी काही म्हणता येईल.

आठवी पायरी : पुढच्या हंगामाचे वेळापत्रक तोलताना

आतापर्यंतचा सगळा हिशेब झालेल्या हंगामाचा होता. येणाऱ्या वेळापत्रकाला गेल्या वर्षीचे आकडे लावणे ही सर्वांत धोक्याची सवय आहे. ट्रान्सफर पोर्टल म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी; तिच्यामुळे खेळाडू आता एका हिवाळ्यात संघ बदलतात. इंडियाना व ॲरिझोना स्टेट हे दोन्ही संघ २०२३ मध्ये ३-९ होते. २०२४ पूर्वीच्या अंदाजांत ॲरिझोना स्टेटला बिग ट्वेल्व्हमध्ये सोळावे म्हणजे शेवटचे स्थान दिले गेले होते, आणि त्याने आयोवा स्टेटला ४५-१९ असे हरवून गट जिंकला. इंडियानात प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आले आणि तेथले अनेक खेळाडू सोबत घेऊन आले. ज्या संघांनी इंडियानाचा सामना सोपा धरला होता, त्यांचे वेळापत्रक कागदावर होते त्याहून जड निघाले. २०२५ मध्ये याच इंडियानाने युजीनला जाऊन ओरेगॉनला ३०-२० असे आणि गटाच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला १३-१० असे हरवले, व पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले.

म्हणून पूर्वानुमान करताना संघाच्या मागच्या तीन हंगामांच्या मानांकांची सरासरी घ्यावी, ताज्या हंगामाला अधिक वजन द्यावे, प्रशिक्षक किंवा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू) बदलला असल्यास तो आकडा गटाच्या सरासरीकडे सरकवावा आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर हे जुने आकडे टप्प्याटप्प्याने गाळून नव्या निकालांना जागा द्यावी. २०२६ साठी वहीच नवी उघडलेली बरी. एसईसीने गटाचे सामने ८ वरून ९ केले आहेत, म्हणजे १२० पैकी ७२ जोड्या भेटतील. एसीसीही ९ कडे वळत आहे, पण १७ संघांना प्रत्येकी ९ सामने देता येत नाहीत, कारण १७ गुणिले ९ ही संख्या विषम येते; तेथे काही संघांचे सामने एकाने कमीच राहणार, तेव्हा विजयांची संख्या न घेता टक्केवारी घ्यावी. बॉयसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट आदी सहा फुटबॉल संघ घेऊन पॅक-१२ पुन्हा उभी राहत आहे. तिच्या आठ संघांच्या २८ जोड्या होतात आणि प्रत्येकी सात सामन्यांत त्या सगळ्या भेटू शकतात. चौकटीतली रिकामी घरे मोजण्याचे काम त्या एका गटापुरते वाचेल.